टेकडीवरची त्रेचाळीस भांडी

ओहुरेपा गावात पिरिहिरासमोर तोंड वर करून बोलणारी दोनच माणसं होऊन गेली, आणि आता दोघंही दफनभूमीत पडून होती. एक तिचा बाप, दुसरा तिचा नवरा. बाकीच्यांबद्दल तिचं मत पक्कं होतं. पाळक झोपाळू. शाळेतली बाई चिचुंद्री. शेजारचा नोपेरा म्हणजे खोदायच्या यंत्रावर बसवलेला बटाटा. काउन्सिलची माणसं तर तिच्या लेखी माणसंच नव्हती, तो नुसता पिवळ्या जाकिटांचा कळप होता. त्र्याहत्तराव्या वर्षी ती गुडघे धरून चालायची, जीभ मात्र तिने जन्मात कधी धरली नाही. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं आणि ती नसताना आणखी काय काय म्हणायचं.

तरी गावाचं तिच्यावाचून चालत नव्हतं, कारण टेकडी तिच्या ताब्यात होती.

एकोणिसाव्या वर्षी ती जिल्ह्याच्या गावातल्या इस्पितळात झाडूपोछ्याला लागली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सुटली. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या बादल्या उचलायचं काम तिचं. बादल्यांत बाळामागून पडलेली वार असायची, आणि इस्पितळाच्या नियमाप्रमाणे ती मागच्या भट्टीत जाळायची असायची. त्या गोऱ्या डॉक्टरांना तो कचरा वाटायचा. ओहुरेपाच्या भाषेत त्या कचऱ्याला फेनुआ म्हणतात आणि पायाखालच्या जमिनीलाही फेनुआच म्हणतात. मूल जन्मलं की त्याची वार आपल्या जमिनीत पुरायची, वर झाड लावायचं, म्हणजे पोर जगात कुठेही भटकलं तरी त्याला पाय टेकायला हक्काची जागा राहते. यात वाद घालण्यासारखं काही आहे असं ओहुरेपात कधी कोणाला वाटलं नाही.

तेव्हा पिरिहिरा मळक्या चादरींच्या गाडीत, तळाशी, गावच्या पोरांची वार पळवून आणायची. तिचा बाप ड्रेनेजच्या नळ्या भाजायच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्याच्या भट्टीत, मुकादमाची नजर चुकवून, त्याने झाकणाची तपकिरी भांडी भाजून घेतली होती. गावातले म्हातारे हसले. वाडवडील भोपळ्यात पुरायचे आणि हा गटाराच्या मातीत पुरतोय, म्हणाले. बापाने ऐकून घेतलं आणि आणखी भांडी भाजली, पुढची कित्येक वर्षं पुरतील एवढी. ती इतकी टणक निघाली की कुऱ्हाडीचा दांडा घातला तरी टवका उडत नसे. प्रत्येक भांड्याच्या काठाखाली त्याच्या अंगठ्याचे तीन ठसे असायचे. पिरिहिरा बसमधून मांडीवर भांडं घेऊन गावी यायची आणि कंडक्टरने विचारलं तर लोणचं आहे म्हणून सांगायची.

अशी टेकडीवर त्रेचाळीस झाडं उभी राहिली. त्यातलं पहिलं, सगळ्यात मोठं, पुरिरीचं झाड तिच्या भावाच्या मुलाचं, मातेनेचं होतं.

त्या झाडाखाली काहीही नव्हतं.

हे जगात एकट्या पिरिहिराला माहीत होतं. मातेने जन्मला तेव्हा तिला नोकरीला लागून अकरा दिवस झाले होते. बापाने पहिल्या नातवासाठी पहिलं भांडं भाजून तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, यात घालून आण. ती बादली घेऊन मागच्या दाराने निघाली तर भट्टीपाशी मेट्रन उभी. पांढरी टोपी, हातात घड्याळ. "बघतेस काय? टाक," मेट्रन म्हणाली. आणि पिरिहिराने टाकलं. नाही म्हणाली असती तर फार तर नोकरी गेली असती. तेवढंही तिला जमलं नाही.

घरी येऊन तिने बापाला सांगितलं की उन्हाळ्याचे दिवस, वाट बघता येईना, येतानाच भांड्यासकट पुरून आले. जागाही दाखवली. बापाने त्या रिकाम्या मातीवर पुरिरीचं रोप लावलं, गुडघ्यावर बसून प्रार्थना म्हटली आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. कोरं भांडं पिरिहिराच्या खाटेखाली, जुन्या कोटात गुंडाळून पडलं होतं. त्यानंतर मात्र अठ्ठावीस वर्षांत ओहुरेपाच्या एकाही पोराची वार तिने भट्टीत जाऊ दिली नाही. पुढे मेट्रनी बदलल्या आणि त्या हिलाच वचकून असायच्या.

मातेने लहान असतानाच बाप गेला, तेव्हा तिने ते भांडं बाहेर काढलं, ठसे भिंतीकडे वळवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि त्यात कपड्यांचे चिमटे टाकले.

मातेने मोठा होऊन प्राध्यापक झाला. म्हणजे पिरिहिराच्या मते वाया गेला. चोपन्न वर्षांचा बाप्या, वेलिंग्टनच्या विद्यापीठात नोकरी, विंचरलेली दाढी, खुरपं धरलं तर फोड येतील असे हात. आणि आयुष्यभर काम काय केलं, तर एका शब्दाचं. फेनुआ हा शब्द कुठून आला, कुठे कुठे गेला, यावर तो देशोदेशी भाषणं द्यायचा. विमानाचं तिकीट आणि राहायची सोय दुसऱ्याची. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आणि ती जेवायला लोक सूट घालून येतात, याचं पिरिहिराला नवल वाटायचं.

दर नाताळला तो गावी यायचा, आणि डुकराची हाडं आणि पुहाची भाजी ताटात पडली की सुरू व्हायचा.

"बघ आत्या, आपण फेनुआ म्हणतो. टोंगात फोनुआ. सामोआत फानुआ, हवाईत होनुआ, फिजीत वानुआ."

"तोंडात गरम रताळं ठेवून सगळे एकच शब्द म्हणतायत. एवढं कळायला परदेशी कशाला गेलास?"

"अगं, अजून पुढे ऐक. मलायात बेनुआ म्हणजे आख्खं खंड. सुलावेसीतले तोराजा लोक आपल्या घरालाच बानुआ म्हणतात. टोंगात कबरीच्या नावातही तोच शब्द आहे. मूळ बानुआ, चार-पाच हजार वर्षांपूर्वीचा. होड्या घेऊन निघाली तेव्हा माणसांनी अळूचे कंद घेतले, कोंबड्या घेतल्या, कुत्री घेतली आणि हा शब्द घेतला."

"कोंबड्यांचं तरी कालवण झालं असेल."

"पण गंमत बघ, कुठेच त्याचा अर्थ नुसती माती असा नाही. ज्या जागेवर माणसं पोसली जातात ती जागा. आईच्या पोटात पोसते ती वार, बाहेर आल्यावर पोसते ती जमीन. हे आपल्याला कळलं, टोंगा-सामोआच्या लोकांना कळलं, म्हणून..."

"म्हणून तू तुझ्या पोरीची हवाईत कचऱ्यात टाकलीस."

इथे टेबलाभोवतीची सगळी माणसं ताटात बघायला लागायची. मातेनेची मुलगी हुइया होनोलुलूत जन्मली, तो तिथे शिकत होता तेव्हा. परवानगीचे कागद वेळेवर भरले नाहीत आणि इस्पितळाने वार टाकून दिली. ही गोष्ट त्याने एकदाच, विश्वासाने, आत्यालाच सांगितली होती. चोवीस वर्षं ती त्याला दर नाताळला त्याच्याच ताटात वाढून मिळत होती. तो मान खाली घालून भाजी चिवडायचा आणि पिरिहिरा आणखी दोन रताळी घ्यायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यात ओहुरेपात तिच्या तोडीचं माणूस नव्हतं.

फेब्रुवारीत चक्रीवादळ आलं. डोंगरावर पाईन तोडणाऱ्या कंपनीने टाकून दिलेले ओंडके नदीतून आले, पूल घेऊन गेले, आणि टेकडीचा दर्याकडचा भाग झाडांसकट रस्त्यावर उतरला. उरलेल्या उताराला हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. काउन्सिलचा इंजिनिअर पिवळं जाकीट घालून आला, भेगांकडे बघितलं आणि म्हणाला की जूनमधल्या हिवाळ्याआधी हेही खाली येईल.

"शिकून आलाय," पिरिहिरा नोपेराला म्हणाली. "भेग दाखवली की भेग ओळखतो."

मग गावाने ठरवलं की भांडी उकरून वरच्या सपाटीवर हलवायची. एप्रिलच्या एका शनिवारी गावची माणसं परतली. कोणी ऑकलंडहून, कोणी ऑस्ट्रेलियाहून. नोपेराने सकाळी प्रार्थना म्हटली आणि सगळे आपापल्या झाडापाशी गेले. झाडं आडवी होती, उताणी होती, काही खाली रस्त्याकाठच्या गाळात रुतली होती, पण नळ्यांच्या मातीची ती भांडी जशीच्या तशी निघत होती. मोठमोठी टक्कल पडलेली माणसं आपलं भांडं छातीशी धरून बसली. नोपेराने आपल्या धाकट्या भावाचं झाकण उघडलं तर आत मूठभर काळी माती. तो ढसाढसा रडायला लागला.

"रड," पिरिहिरा म्हणाली. "जिवंत होता तोवर त्याच्याशी कुंपणावरून भांडलास."

उलट्या बादलीवर बसून ती प्रत्येक भांड्यावर लक्ष ठेवत होती. दुपारपर्यंत बेचाळीस निघाली.

मातेने सकाळपासून पुरिरीच्या उखडलेल्या मुळांत खणत होता. त्याची घाई वेगळी होती. हुइयाला जानेवारीत मुलगी झाली होती. तिची वार आइस्क्रीमच्या डब्यात, बर्फाच्या पेटीत घालून तो वेलिंग्टनहून घेऊन आला होता. तीन महिने ती त्यांच्या फ्रीझरमध्ये होती. त्यासाठी त्याने वेगळा छोटा फ्रीझर विकत घेतला होता, कारण खाण्याच्या वस्तूंशेजारी ती ठेवायची नसते. पिरिहिराचं यावरही तोंडसुख घेऊन झालं होतं. आता नातीची वार आजोबाच्या, म्हणजे मातेनेच्या, वारेशेजारी जाणार होती. मुलीच्या वेळी चुकलं ते नातीच्या वेळी भरून काढायचं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यासाठी आधी आजोबा सापडायला हवा होता.

"हाताने माती बाजूला कर. पुस्तकाचं पान उलटल्यासारखं काय करतोस?" पिरिहिरा बादलीवरून म्हणाली. संध्याकाळी तो थांबला तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. कमरेइतका खड्डा झाला होता.

रविवारी सकाळी तो पुन्हा उतरला. नोपेरा यंत्र घेऊन आला.

"मातेने, बाजूला हो. दहा मिनिटांत पाताळ दाखवतो तुला."

"नको रे. भांडं फुटेल."

"आत्याच्या बापाचं भांडं? त्यावरून ट्रक गेला तरी ट्रक पंक्चर होईल!"

"तरी नको."

या फुशारकीवर पिरिहिराने टोमणासुद्धा मारला नाही. नोपेराने तिच्याकडे दोनदा बघितलं, कारण असं कधी होत नसे. ती मनाशी म्हणत होती की थकेल, म्हणेल की वाहून गेलं असेल, आणि विषय मिटेल. वादळाने एवढं नेलं, त्यात हेही ढकलून द्यायला काय हरकत होती? वादळ काही साक्षीला येणार नव्हतं. ती ते वाक्य तयार करूनही बसली होती.

साडेअकराच्या सुमाराला मातेने खड्ड्यातून बाहेर आला. अंगभर चिखल, दाढीत मुळांचे तंतू. बर्फाची पेटी झाडाच्या खोडापाशी सावलीत ठेवली होती. त्याने ती उचलली आणि गाडीकडे चालायला लागला.

"कुठे चाललास?" पिरिहिराने विचारलं.

"परत."

"आणि ती?"

"ती पण. फ्रीझरमध्ये." तो थांबला, पण वळला नाही. "बरोबरच आहे, आत्या. तू इतकी वर्षं सांगत होतीस. पोरीची मी कचऱ्यात घालवली, म्हणून माझी मला सापडत नाही. ज्याला स्वतःची जागा नाही त्याने नातीला कुठल्या तोंडाने जागा दाखवायची? हुइया करेल काय करायचं ते. मी हात लावणार नाही."

पिरिहिराचं तयार वाक्य तिच्या जिभेवर होतं. वाहून गेलं असेल रे. चार शब्द होते. पण ते बोलून तो थांबला नसता, उलट आपल्याला जागाच उरली नाही अशी खात्री पटून गेला असता. आणि ते पोर, तीन महिन्यांचं, तिच्या जिभेपायी आयुष्यभर वेलिंग्टनच्या कुठल्यातरी फ्रीझरमध्ये राहिलं असतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की ती बादलीवरून उठली.

"तुझी तिथे नाहीच आहे," ती म्हणाली.

"कळलं ते."

"तुला काही कळलेलं नाही, शहाण्या. वाहून गेली नाही. पुरलीच नव्हती. मी भट्टीत टाकली. मेट्रन टाक म्हणाली आणि मी टाकली. घाबरले. घरी येऊन खोटं बोलले."

नोपेराने यंत्र बंद केलं.

मातेने वळला. पिरिहिराने आयुष्यभर ज्याच्या बडबडीला नाक मुरडलं त्याचं गप्प राहणं तिला सोसेना.

"बोल काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या दे."

"चोवीस वर्षं, आत्या."

"हो."

"दर नाताळला."

"हो."

"जेवताना."

"जेवतानाच. एरवी तू एका जागी बसतोस कुठे?"

नोपेराला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. मातेने हसला नाही. त्याने पेटी जमिनीवर ठेवली.

"आजोबांना माहीत होतं?"

"नाही. त्याने त्या मातीवर प्रार्थना म्हटली."

"आणि त्यांनी माझ्यासाठी केलेलं भांडं? तेही भट्टीत?"

पिरिहिराने गावाकडे, आपल्या खिडकीकडे बोट केलं. "चिमटे आहेत त्यात."

मातेने पेटी तिथेच ठेवून निघाला. मग खाली उतरला, रस्ता ओलांडून तिच्या घरात शिरला. ते भांडं त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. चिमटे काढून त्याच्या होड्या करून खेळला होता. देशोदेशीच्या संग्रहालयांत मातीच्या भांड्यांवरच्या खुणा वाचत हिंडलेल्या या माणसाला आत्याच्या खिडकीतलं भांडं फिरवून बघायची बुद्धी पन्नास वर्षांत झाली नव्हती. आता त्याने ते फिरवलं. काठाखाली अंगठ्याचे तीन ठसे होते. त्याने मधल्या ठशात आपला अंगठा ठेवून बघितला आणि मग सगळे चिमटे अंगणातल्या गवतावर ओतले.

तो भांडं घेऊन परत टेकडीवर आला तेव्हा पिरिहिरा म्हणाली, "त्यात खाण्याची वस्तू कधी ठेवली नाही मी. एकदासुद्धा नाही."

"उपकार झाले," मातेने म्हणाला. तिला ठाऊक असलेल्या सगळ्या शिव्यांपेक्षा हे तिला जास्त लागलं.

वरच्या सपाटीवर बेचाळीस नवे ढिगारे एका ओळीत होते. त्यांच्यापलीकडे मातेनेने जागा धरली. आइस्क्रीमच्या डब्यातली ती गोठलेली वार त्याने मऊ कापडात घेतली, आपल्या भांड्यात ठेवली आणि झाकण लावलं. मग फावडं उचललं, स्वतः न खणता ते पिरिहिरापुढे धरलं.

"खण."

"माझे गुडघे..."

"खण, आत्या."

नोपेरा पुढे झाला. "आण इकडे. म्हातारीला कशाला?"

"तिलाच खणू दे. तू बाजूला हो."

पिरिहिराने फावडं घेतलं. उत्तर तिच्या तोंडात आलं होतं, चांगलं झोंबणारं, पण ते तिने गिळलं. चिकणमाती होती, एकेक फावडं जड जात होतं. मातेने भांडं पोटाशी धरून खड्ड्याच्या काठावर उभा होता आणि तिच्या हातांवरची नजर काढत नव्हता. गुडघाभर खणून झाल्यावर ती थांबली, घाम पुसला आणि त्याच्याकडे हात पसरला.

"दे."

"नाही. मी ठेवेन. तुझ्या हातात नाही देणार."

तिने हात मागे घेतला. पन्नास वर्षं टेकडीवरचं प्रत्येक भांडं तिच्या हातून मातीत गेलं होतं.

"अजून खोल," तो म्हणाला.

मेट्रननंतर पहिल्यांदाच पिरिहिराने कोणाचा तरी हुकूम ऐकला. फावडं उचललं आणि ती आणखी खोल खणायला लागली.